एक तारीख, दोन तसबिरी

१ ऑगस्टचा कार्यक्रम शाळा-कॉलेजांतून कसा होतो हे वाचकांस सांगावयास नको. टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर शेजारी शेजारी दोन तसबिरी. एक लोकमान्य टिळकांची, दुसरी अण्णाभाऊ साठ्यांची. एकाची पुण्यतिथी, दुसऱ्याची जयंती. हार घालून होतात, उदबत्ती लागते, आणि वक्ता उभा राहिला की पाच मिनिटांच्या आत ते ठरलेले वाक्य येतेच : १९२० सालच्या या दिवशी एक सूर्य मावळला आणि दुसरा उगवला. सभागृहात टाळ्या पडतात. माझी तक्रार या वाक्याबद्दल आहे.

वाक्य ऐकायला गोड आहे. त्यात कोणाचा अपमान नाही, उलट दोघांचाही गौरवच आहे. मग बिघडले कोठे? बिघडले ते असे की हे वाक्य उच्चारले की पुढे काही सांगण्याची गरजच उरत नाही. दोघेही सूर्य, दोघेही थोर, तारीखही एकच. तेव्हा दोघांत काहीतरी दैवी संकेत असलाच पाहिजे, अशी सर्वांची सोयीस्कर समजूत होते. टिळकांनी काय लिहिले, अण्णाभाऊंनी काय लिहिले, एकाचे म्हणणे दुसऱ्याने मान्य केले असते काय, हे प्रश्न हारांच्या खाली झाकून जातात. तारीख जुळली, की विचार करण्याचे काम तारखेकडे सोपवून आपण चहाला मोकळे.

प्रथम या जुळण्याचेच पाहू. वर्षाचे दिवस ३६५, आणि इतिहासात नोंद झालेले जन्म, मृत्यू, लढाया, तह, शोध अगणित. तेव्हा कॅलेंडरावरच्या कोणत्याही दिवसावर बोट ठेवले तरी तेथे डझनभर थोर माणसे दाटीवाटीने बसलेली सापडणारच. गणित शिकवणारे माझे सहकारी एक गंमत नेहमी सांगतात. एका खोलीत तेवीस माणसे जमली, तर त्यांपैकी कोणातरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याचा संभव निम्म्याहून थोडा अधिक असतो. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात तर तो शंभरात नव्याण्णवांच्याही वर जातो. ज्याला विश्वास बसत नसेल त्याने आपल्या वर्गाचे हजेरीपत्रक घेऊन पडताळा पाहावा. म्हणजे तारीख जुळणे ही नवलाची गोष्ट नाही. न जुळती तर नवल.

त्यातून ही विशिष्ट जुळणी किती नाजूक धाग्यावर लोंबकळते आहे तेही पाहण्यासारखे आहे. मुंबईत सरदारगृहात टिळकांचे देहावसान झाले ते मध्यरात्र उलटल्यावर, बारा वाजून चाळीस मिनिटांनी. तासभर अलीकडे ही घटना घडली असती तर पुण्यतिथी ३१ जुलैला गेली असती आणि टेबलावर एकच तसबीर राहिली असती. त्या काळच्या मुंबईत तर घड्याळेही दोन तऱ्हेची चालत. १९०६ साली सरकारने स्टँडर्ड टाइम आणला, पण मुंबईकरांनी आपला 'मुंबई टाइम' पुढे कित्येक वर्षे सोडला नाही. दोहोंत अंतर एकोणचाळीस मिनिटांचे. स्टँडर्ड घड्याळात बारा-चाळीस झाले की मुंबईच्या घड्याळात बारा वाजून एक मिनिट! तारीख ही अशी मिनिटावर बदलणारी वस्तू आहे.

आणि आपली जुनी रीत धरली तर? पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो. ती रविवारची पहाट इंग्रजी हिशेबाने १ ऑगस्टची असली, तरी आपल्या हिशेबाने अजून शनिवारच चालू होता. हे सारे आठवण्याचे कारण असे, की काळगणनेचा हा बारकावा टिळकांना जितका ठाऊक होता तितका क्वचितच कोणा राजकीय पुढाऱ्याला असेल. १८९३ च्या 'ओरायन' या ग्रंथात त्यांनी वसंतसंपाताच्या स्थानावरून वेदांचा काळ काढण्याचा प्रयत्न केला. पंचांग आकाशाशी जुळले पाहिजे म्हणून ते वर्षानुवर्षे झगडले आणि त्यांच्या नावाचे पंचांगही निघाले. अशा माणसाच्या पुण्यतिथीला आपण तारखेच्या योगायोगावर भाषण करतो. त्यांनी ते ऐकून घेतले असते की नाही याची मला शंकाच आहे.

आता दुसरी तसबीर. तुकाराम भाऊराव साठे, म्हणजे अण्णाभाऊ, यांचा जन्म वाळवे तालुक्यातील वाटेगावी मांगवाड्यात झाला. त्या दिवशी टिळकांच्या निधनाची वार्ता तारांनी देशभर पसरत होती. चौपाटीवर अफाट जनसमुदाय लोटला होता. एका माणसाच्या शेवटच्या श्वासाचे मिनिट इतिहासात नोंदले गेले. वाटेगावच्या त्या झोपडीतल्या पोराची बातमी मांगवाड्याच्या बाहेर तरी गेली असेल काय?

हा केवळ दोन माणसांतला फरक नाही. तारीख ही सुद्धा सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही. विद्यार्थिमित्रांनो, घरी गेल्यावर आपल्या वडिलांचा किंवा आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला काढून पाहा. जन्मतारीख १ जून असण्याचा संभव फार मोठा. आपल्या भागातील खेड्यापाड्यांत एका पिढीतली निम्मी माणसे १ जूनला जन्मली की काय असे वाटावे! कारण उघड आहे. शाळा जूनमध्ये उघडे, मूल दाखल करायला आलेल्या बापाला 'पेरणी झाली तेव्हाचा' किंवा 'थोरल्या पुरानंतरचा' यापलीकडे सांगता येत नसे, आणि मास्तर वय भरेल अशा बेताने १ जून लिहून मोकळे होत. आजीला तर दाखलाही नाही. तिचा जन्म प्लेगाच्या साली. दिनविशेषाच्या फलकावर ज्यांची नावे येतात त्यांच्या घरी कोणीतरी पत्रिका मांडणारे, वहीत टिपून ठेवणारे होते, हे आपण विसरतो.

अण्णाभाऊंच्या बाबतीत वक्ते आणखी एक गोष्ट न चुकता सांगतात : ते दीड दिवस शाळेत गेले. ही गोष्ट मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. दीड दिवसाच्या शाळेवर पस्तीसएक कादंबऱ्या! मला या कौतुकाचा संकोच वाटतो. दीड दिवस ही त्या मुलाची मर्यादा नव्हे, त्या काळच्या शाळेची आहे. 'फकिरा' ज्याने वाचली आहे त्याला माहीत आहे की त्या जगातल्या माणसांची नावे एका हजेरीत मात्र बिनचूक लागत. ती हजेरी पोलिसांची. १८७१ पासून गुन्हेगार जमातींचा कायदा लागू झाला. तो स्वतंत्र भारतात १९५२ साली रद्द झाला. शाळेच्या पटावर ज्याला दोन दिवस धड टिकू दिले नाही, त्याच्या भावकीचे नाव चावडीच्या पटावर जन्मभर. नोंद कोण ठेवतो आणि कशासाठी ठेवतो, यावर सारे अवलंबून.

नोंदीचा हा न्याय केवळ आपल्याकडचाच आहे असे नाही. विज्ञान शाखेच्या फलकावर १ ऑगस्टला 'प्राणवायूचा शोध, १७७४' असे लिहिलेले असते. ते चूक नाही. इंग्लंडात जोसेफ प्रीस्टली या पाद्र्याने त्या दिवशी भिंगाने सूर्याचे किरण पाऱ्याच्या तांबड्या भस्मावर एकवटले. त्यातून निघालेल्या वायूत मेणबत्ती विलक्षण तेजाने जळली. परंतु स्वीडनमध्ये शेले नावाच्या औषधे करणाऱ्या माणसाने हाच वायू त्याच्या दोन-तीन वर्षे आधी मिळवलेला होता. त्याचे पुस्तक छापून बाहेर पडले १७७७ साली. तोवर गाडी निघून गेली होती. आणि या वायूचे खरे स्वरूप ओळखून त्याला आजचे नाव दिले ते तिसऱ्यानेच, फ्रान्सच्या लाव्हाझिएने. मग शोधाची तारीख कोणती? प्रीस्टलीने दिवस लिहून ठेवला म्हणून १ ऑगस्ट, एवढेच.

याच तारखेची आणखी एक नोंद आहे, आणि ती मात्र मला बराच वेळ थांबवते. 'ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी नष्ट, १८३४.' ओळ एवढीच. दिनविशेषात याहून अधिक जागा नसते. वाचणाऱ्याची अशी समजूत होते की ३१ जुलैच्या रात्री गुलाम झोपले आणि १ ऑगस्टच्या सकाळी स्वतंत्र माणसे म्हणून उठले. घडले ते असे : कायद्याने त्या दिवशी खऱ्या अर्थाने मोकळी झाली ती सहा वर्षांखालची मुले. बाकीच्यांना 'उमेदवार' असे नवे नाव देऊन त्याच मळ्यांवर त्याच मालकांकडे राबण्यास बांधून ठेवले. ही उमेदवारी संपली ती चार वर्षांनी, १८३८ च्या १ ऑगस्टला. नुकसानभरपाई म्हणून ब्रिटिश सरकारने दोन कोटी पौंड मोजले. ते मिळाले मालकांना, गुलामांना छदामही नाही. मॉरिशस बेटावर हा कायदा लागू झाला तो १८३५ च्या फेब्रुवारीत. आणि ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख, म्हणजे आपण, या कायद्यातून वगळलेलेच होतो! आपल्यासाठी वेगळा कायदा यायला १८४३ साल उजाडावे लागले.

ही गोष्ट वेस्ट इंडीजची, आपल्याला काय तिचे, असे कोणी म्हणेल. पण मॉरिशसच्या मळेवाल्यांना गुलाम हातचे जाणार हे दिसताच त्यांनी नजर वळवली ती हिंदुस्थानाकडे. १८३४ च्या २ नोव्हेंबरला 'अ‍ॅटलास' नावाचे जहाज कराराने बांधलेले मजूर घेऊन कलकत्त्याहून तेथे पोचले. पुढील काळात मुंबई बंदरातूनही माणसे गेली, आणि त्यांत कोकणातली मराठी माणसे होती. त्यांचे वंशज आजही तेथे आहेत. मॉरिशसच्या शाळांतून मराठी शिकवली जाते आणि गणेश चतुर्थीला तेथे सरकारी सुट्टी असते. एका बाजूची बेडी सुटली आणि दुसऱ्या बाजूने कराराचा कागद आला. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केली, तेव्हा आपल्या गावकुसाबाहेरची गुलामी कोणत्या तारखेला संपली हे विचारण्याचाच त्यांचा हेतू होता. त्या प्रश्नाच्या उत्तरादाखल दिनविशेषात आजतागायत एकही ओळ नाही. असो.

तर मग तारखेला काहीच अर्थ नाही काय? तसे मात्र मी म्हणणार नाही. योगायोगाने जुळलेली तारीख वेगळी आणि माणसाने जाणून बुजून निवडलेली तारीख वेगळी. याच १ ऑगस्टचे उदाहरण घेऊ. १९२० साली गांधीजींनी असहकाराचा आरंभ केला तो याच दिवशी. ही तारीख आधीपासून ठरलेली होती. टिळक त्याच रात्री जावेत हा निव्वळ योगायोग. त्याच दिवशी गांधीजींनी व्हाइसरॉयला पत्र लिहून कैसर-ए-हिंद पदक परत केले आणि त्याच दिवशी ते टिळकांच्या अंत्ययात्रेतही होते. येथपर्यंत योगायोगाचे राज्य. परंतु पुढल्या वर्षी काय झाले पाहा. टिळकांच्या नावाने एक कोटी रुपयांचा स्वराज्य फंड जमवला गेला, आणि पहिल्या पुण्यतिथीच्या पूर्वदिनी, ३१ जुलै १९२१ ला, मुंबईत परळला परदेशी कापडाची प्रचंड होळी पेटवण्यात आली. हा दिवस कोणा ग्रहाने नेमला नव्हता. गांधीजींनी तो निवडला. परदेशी कापडाची होळी पुण्यात १९०५ सालीच पेटली होती, आणि तिच्यामागे टिळक उभे होते. तेव्हा त्यांचे स्मरण करायचे ते हार घालून नव्हे तर त्यांचे अर्धे राहिलेले काम हाती घेऊन, असा त्या निवडीचा अर्थ होता. गांधी आणि टिळक यांचे मतभेद काही थोडेथोडके नव्हते, हे लक्षात घेतले की या निवडीची किंमत अधिकच वाटते.

ती होळी पेटली परळला. परळ म्हणजे गिरणगाव. आणि टिळक व अण्णाभाऊ यांच्यामधले खरे नाते शोधायचेच असेल तर ते या गिरणगावात सापडते, कॅलेंडरात सापडत नाही.

१९०८ च्या २२ जुलैला, रात्री उशिरा, मुंबईच्या हायकोर्टात टिळकांना राजद्रोहाबद्दल सहा वर्षे हद्दपारीची शिक्षा झाली. दुसऱ्या दिवसापासून गिरण्या बंद पडू लागल्या. सहा वर्षांच्या शिक्षेला सहा दिवसांचा संप, असा हिशेब गिरणी कामगारांनी केला आणि तो रस्त्यावर गोळ्या झेलून पुरा केला. हे कामगार कोण होते? कोकणातून, देशावरून, सातारा भागातून पोटासाठी आलेली माणसे. 'केसरी' दुसऱ्याकडून वाचवून घेणारी. त्या संपाची दखल परदेशात बसलेल्या लेनिनने घेतली. हिंदुस्थानातला कामगार आता राजकीय लढ्यात उतरला आहे, असे त्याने त्याच वर्षी लिहिले.

वीस-पंचवीस वर्षांनी त्याच गिरणगावात, वाटेगावाहून पायी चालत आलेल्या कुटुंबातला एक मुलगा हमाली, झाडलोट, गिरणीतले काम असे पडेल ते करू लागला. अक्षरे तो दुकानांच्या पाट्यांवरून आणि भिंतींवरच्या पत्रकांवरून जुळवायला शिकला. ज्या वस्तीत १९०८ ची आठवण अजून जिवंत होती, तेथेच त्याने लाल बावटा हाती घेतला. स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचला. १९४४ साली अमर शेख आणि गव्हाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक उभे केले. टिळकांचा कामगार दुसऱ्याकडून 'केसरी' वाचवून घेत होता. अण्णाभाऊंचा कामगार स्वतःच डफ घेऊन उभा राहिला. दोघांवर सरकारची नजर सारखीच वक्र होती. टिळकांवर इंग्रजांनी खटले भरले, तर लाल बावट्याच्या तमाशावर स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याच्या आपल्याच सरकारने बंदी घातली. १ ऑगस्टच्या सभेत हे सांगितले तर दोन तसबिरी एका टेबलावर का, याचे उत्तर मिळते. पण हे सांगायला वाचावे लागते. सूर्याचे वाक्य सांगायला काही लागत नाही.

नाते सांगितले, आता भांडणही सांगितले पाहिजे. येथे आपल्या जिल्ह्याचा संबंध येतो. १९१७ साली अथणीच्या सभेत टिळकांनी केलेले भाषण पुष्कळ दिवस गाजत राहिले. कायदेकौन्सिलात निरनिराळ्या जातींनी जागा मागण्याची चळवळ तेव्हा चालू होती. तेली, तांबोळी, कुणबी यांना तेथे जाऊन करायचे आहे काय, असा या भाषणाचा रोख होता, आणि ब्राह्मणेतर समाजाला तो जिव्हारी लागला. त्यानंतर वर्षभराच्या आत, १९१८ च्या मार्चमध्ये, मुंबईत विठ्ठल रामजी शिंदे यांनी भरवलेल्या अस्पृश्यता निवारण परिषदेत टिळक गेले. देवाला अस्पृश्यता मान्य असेल तर अशा देवाला आपण देव म्हणणार नाही, अशा अर्थाचे जळजळीत उद्गार त्यांनी तेथे काढले. लोक हर्षभरित झाले. आणि मग, स्वतःच्या आचरणात अस्पृश्यता पाळणार नाही अशा प्रतिज्ञापत्रकावर सही करण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी सही केली नाही.

टिळकांच्या अनुयायांकडे याची कारणे आहेत : राजकीय स्वातंत्र्य आधी, समाजसुधारणा मागून, आणि सनातन्यांना दुखवून चळवळ फुटू द्यायची नाही. ही कारणे खोटी आहेत असे मी म्हणत नाही. परंतु ज्याच्या वस्तीची ती सही होती, त्याला ती कारणे कितपत पटतील? १९२० च्या जानेवारीच्या अखेरीस आंबेडकरांचे 'मूकनायक' निघाले. त्याची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नाही, हे खुद्द आंबेडकरांनीच लिहून ठेवले आहे. त्यानंतर सहा महिन्यांनी टिळक गेले आणि अण्णाभाऊ जन्मले. १९५९ साली प्रसिद्ध झालेली 'फकिरा' अण्णाभाऊंनी अर्पण केली ती आंबेडकरांना. आणि १९५८ साली मुंबईतील पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन करताना, ही पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नसून दलित-श्रमिकांच्या हातांवर उभी आहे, अशा आशयाचे त्यांचे भाषण झाले. कौन्सिलात जाऊन काय करणार, या अथणीच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून हे भाषण वाचून पाहावे. दोहोंत चाळीस वर्षांचे अंतर आहे, पण प्रश्नोत्तर चपखल बसते.

म्हणूनच मला तो मावळणारा-उगवणारा सूर्य नको. त्यात एकाने दुसऱ्याच्या हाती वारसा सोपवल्याचा आभास आहे, आणि असा वारसा कोणी कोणाला सोपवलेला नाही. अण्णाभाऊंनी जे मिळवले ते हिसकून मिळवले, आणि ज्यांच्याकडून हिसकले त्यांत टिळकांच्या पक्षाची माणसेही होती. हे बोलले तर टिळकांचा मोठेपणा उणावेल असे ज्यांना वाटते, त्यांचा टिळकांवर पुरेसा विश्वास नाही. मंडालेच्या तुरुंगात वेदान्ताचे मोठमोठे आचार्य समोर ठेवून त्यांच्याशी वाद घालणारा हा माणूस. त्याला वादाचे भय कसले? त्याच्या 'गीतारहस्या'चे कन्नड भाषांतर आलूर वेंकटरावांनी केले, हे या अंकाच्या दुसऱ्या विभागातील मित्रांना माहीत असेलच. वाद घालण्याजोगे पुस्तक होते म्हणून ते भाषा ओलांडून गेले.

काही जण म्हणतील की सामाजिक सलोख्यासाठी एकत्र कार्यक्रम बरा. मतभेद कशाला उकरावे? त्यांना मी एवढेच दाखवीन की मतभेद आपण उकरण्याची वाट पाहत नाहीत. २०२४ च्या १ ऑगस्टलाच सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने, सहा विरुद्ध एक अशा बहुमताने, अनुसूचित जातींत उपवर्गीकरण करण्याची राज्यांना मुभा आहे असा निकाल दिला. न्यायालयाने तारीख पाहून निकाल दिला नाही. परंतु सवलती सर्वांपर्यंत सारख्या पोचल्या काय, हा प्रश्न अण्णाभाऊंचा मातंग समाज महाराष्ट्रात आणि मादिग समाज कर्नाटकात कित्येक वर्षे विचारीत आला आहे. प्रतिनिधित्व कोणाला, किती, आणि तेथे जाऊन ते करणार काय? अथणीच्या सभेतला विषय अजून संपलेला नाही. त्या दिवशी सभागृहातून हारतुऱ्यांचा कार्यक्रम आटोपून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याला संध्याकाळी ही बातमी कळली, तर सकाळच्या भाषणाशी तिचा काही संबंध आहे असे त्याला वाटले असेल काय?

२०२० साली दोन्ही शताब्द्या एकाच दिवशी आल्या. तेव्हा साथीमुळे कॉलेजे बंद होती. भाषणे झाली ती बहुधा मोबाइलच्या पडद्यावर. एवढी मोठी संधी हुकली म्हणून पुष्कळांना हळहळ वाटली. पण पुढच्या वर्षांत सभागृहे उघडल्यावर तरी काय निराळे झाले?

निराळे करता येण्याजोगे साधन आपल्या दाराशी आहे. १९१६ च्या एप्रिलअखेर बेळगावच्या प्रांतिक परिषदेच्या वेळी टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना येथे झाली, आणि १ मे रोजी त्यांनी येथेच स्वराज्यावर मराठीत भाषण केले. साधे, घरगुती दाखले देत, शेतकऱ्याला कळावे असे. हे भाषण सरकारी माणसांनी टिपून घेतले, आणि नगरच्या दोन भाषणांसह त्यावरून टिळकांवर कारवाई झाली. पुण्यात साठीचा समारंभ चालू असतानाच नोटीस हाती पडली. वीस हजारांचा जातमुचलका मागितला गेला, आणि नोव्हेंबरात हायकोर्टाने तो हुकूम रद्द केला. त्या वेळी टिळकांचे वकील होते बॅ. जिना.

माझी सूचना अशी की येत्या १ ऑगस्टला भाषणे ठेवूच नयेत. बेळगावच्या या भाषणातला वीस मिनिटांचा भाग एका विद्यार्थ्याने मोठ्याने वाचावा. 'फकिरा'तले एक प्रकरण दुसऱ्याने वाचावे. कन्नड विभागातील कोणी आलूरांच्या भाषांतरातले एखादे पान वाचले तर दुधात साखर. त्यानंतर तासभर खुली चर्चा : १९१८ साली त्या पत्रकावर सही न करणे योग्य होते काय? ज्याला जे वाटेल ते त्याने मराठीत किंवा कन्नडमध्ये उभे राहून सांगावे. प्राध्यापकांनी मधे बोलू नये. आणि अथणी तालुक्यातून आलेले विद्यार्थी आपल्यात पुष्कळ आहेत, तेव्हा अध्यक्षस्थान त्यांच्यापैकीच एकाला द्यावे.